‘टेक इट ईझी’ : एका कंट्री रॉक गीताच्या टिकाऊ लोकप्रियतेची मीमांसा

प्रस्तावना :
लोकप्रियता आणि कलामूल्य यांचे नाते हा समीक्षेतील जुना वादविषय आहे. लोकप्रिय गीत क्षणजीवी असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अमेरिकेतील ‘ईगल्स’ या वाद्यवृंदाचे ‘टेक इट ईझी’ (१९७२) हे गीत या गृहीतकास छेद देते. बिलबोर्डच्या मुख्य सूचीत ते १२ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. तरीही अर्धशतक उलटल्यानंतर ते आवडीने ऐकले जाते. या टिकाऊपणाची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गीताची घडण :
जॅक्सन ब्राऊन यांनी लिहावयास घेतलेले हे गीत अपुरे राहिले होते. ग्लेन फ्राय यांनी दुसऱ्या कडव्याची पूर्तता केली व मुख्य स्वरही त्यांनीच दिला. ग्लिन जॉन्स यांच्या निर्मितीखाली त्याचे ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झाले. ॲरिझोनातील रस्त्याचे हे गीत कॅलिफोर्नियातील कलावंतांनी इंग्लंडमध्ये मुद्रित केले, म्हणून त्याचा ग्रामीण बाज कृत्रिम ठरवता येईल काय? तसे करणे अन्यायाचे होईल. कारण कंट्री रॉक हा प्रकारच मुळात संकरातून जन्मला आहे. बर्नी लेडन यांच्या बँजोचे द्रुत झंकार आणि रॉकचा ठाम ठेका येथे एकमेकांत मिसळून जातात.

लोकप्रियतेची मीमांसा :
या गीताचे खरे बळ त्यातील अंतर्विरोधात आहे. निवेदकाच्या मनावर सात स्त्रियांच्या आठवणींचे ओझे आहे आणि तो त्यापासून दूर पळत आहे. ध्रुवपद मात्र निवांत होण्याचा उपदेश करते. हा उपदेश शांत पुरुषाने केलेला नसून अस्वस्थ माणसाने स्वतःचीच घातलेली समजूत आहे. संगीताची धावती लय त्या समजुतीस सतत खोटे पाडते. शब्द ‘थांब’ म्हणतात, बँजो ‘चल’ म्हणतो. श्रोत्यास हा ताण स्वतःचा वाटतो.

दुसरे कारण स्थळाच्या नेमकेपणात आहे. फ्राय यांच्या कडव्यात विन्स्लो या गावाचा नामोल्लेख येतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस महामार्ग क्रमांक ४० मुळे ‘रूट ६६’ वरील वाहतूक या गावास वळसा घालून जाऊ लागली व बाजारपेठेस उतरती कळा लागली. १९९९ मध्ये तेथे या गीताच्या नावे लहानसे उद्यान उभारण्यात आले. फ्राय यांच्या निधनानंतर २०१६ मध्ये त्यांचा पुतळाही बसविण्यात आला. वाटसरूचे गीत वाटसरूंना थांबवू लागले, हा काव्यगत न्यायच म्हणावा लागेल.

तथापि, गीताची मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यातील स्त्रिया ओझे तरी आहेत किंवा तारणहार तरी. स्वतंत्र व्यक्ती म्हणून एकीलाही आवाज नाही. मोकळ्या रस्त्याचे स्वातंत्र्य येथे केवळ पुरुषाचे आहे. आस्वादाच्या भरात या उणिवेकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :
‘टेक इट ईझी’ टिकले ते त्यातील उपदेशामुळे नव्हे, तर तो उपदेश निवेदकाला शेवटपर्यंत साधत नाही म्हणून. लोकप्रिय गीताचे मूल्यमापन केवळ शब्दार्थावरून केल्यास हे मर्म हाती लागत नाही. शब्द, लय आणि स्थळ यांचा एकत्रित विचार केल्यासच अशा गीतांना समीक्षेत न्याय मिळू शकेल.