नांव हिरावून घेणारें स्नानगृह

ओस पडलेलें हॉटेल आणि त्यांत वस्तीस आलेलीं भुतें हा अद्भुतकथेचा आतां जुनाच विषय झाला आहे. जेथें हजारों माणसें राहून गेलीं, पण जें कोणाचेंच घर नव्हतें, अशा वास्तूंत मनुष्याची कल्पना सहज बिचकते. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग १९७४ सालीं कोलोरॅडो संस्थानांतील स्टॅन्ली हॉटेलांत उतरले, तेव्हां हंगाम संपत आला होता आणि हॉटेल जवळजवळ रिकामें होतें; त्या मुक्कामाच्या अनुभवांतून ‘द शायनिंग’ ही त्यांची १९७७ सालची कादंबरी जन्मास आली. या परंपरेंत वास्तु माणसाला गिळते. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनीं २००१ सालीं रेखाटलेल्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटांतील वास्तु मात्र माणसाला नोकरीस ठेवून घेते. हा फरक वरवर पाहतां लहान दिसतो. परंतु आमच्या मतें या कृतीचें सारें मर्म त्यांतच आहे.

कथा अशी आहे. दहा वर्षांची चिहिरो आईबापांसह नव्या गांवीं राहावयास निघाली असतां वाट चुकते. एक बोगदा लागतो आणि त्याच्या पलीकडे निर्मनुष्य इमारती दिसतात. बाप म्हणतो कीं, ही १९९० च्या सुमारास बांधलेली आणि पुढें मंदींत बुडालेली करमणुकीची नगरी असावी. वाक्य सहज उच्चारलेलें आहे, पण तें व्यर्थ नाहीं. जपानांत जमिनीचे व भागांचे भाव भरमसाट फुगले आणि १९९० नंतर कोसळले. त्या पडझडींत मागें राहिलेल्या रिकाम्या जागेंत अंधार पडतांच दिवे लागतात आणि जपानी लोक ज्यांना ‘ऐंशीं लक्ष देव’ म्हणतात ते देव स्नानाला उतरूं लागतात. खिशांत पैसा आहे, मग चिंता कसली, असें म्हणून आईबाप तेथील अन्नावर तुटून पडतात, आणि त्यांचीं डुकरें होतात. मूळ जपानी नांवांत ‘कामिकाकुशी’ हा शब्द आहे. देवांनीं माणसाला दडवून ठेवणें असा त्याचा अर्थ. आपल्याकडील चकव्याची आठवण त्यावरून होते.

या स्नानगृहाचा कायदा एकच आहे. जो काम करणार नाहीं, त्याला माणूस म्हणून येथें राहतां येणार नाहीं. मालकीण युबाबा ही जादूगारीण खरी, पण तिची जादू सावकाराच्या वहीसारखी काटेकोर आहे. काम मागणाराला परत पाठवावयाचें नाहीं अशी शपथ तिनें पूर्वींच घेतलेली असल्यामुळें ती चिहिरोला ठेवून घेते. मात्र करारावरील तिच्या नांवाचीं अक्षरें उचलून घेते आणि मागें ‘सेन’ एवढेंच ठेवते. तळघरांत पाणी तापविणारा सहा हातांचा कामाजी आणि त्याला कोळसा पुरविणारे काजळीचे इवले जीव हेहि नोकरच. त्या जिवांनीं काम सोडलें तर मंत्र उतरतो आणि ते पुन्हा नुसती काजळी होतात. अद्भुताला असे नियम असले म्हणजेच तें पटतें. जेथें जादू हवी तेव्हां येते आणि हवें तें करते, तेथें प्रेक्षकाला कशाचीच धास्ती राहत नाहीं. येथें धास्ती आहे, कारण जो स्वतःचें नांव विसरला त्याला परतीची वाट नाहीं. चिहिरोला साहाय्य करणारा हाकू हा मुलगा असाच अडकून पडलेला आहे.

या विचाराची परिणती दोन पाहुण्यांच्या प्रसंगांत होते. पहिला पाहुणा दुर्गंधीनें सर्वांना पळवून लावतो. सेन त्याच्या अंगांत रुतलेली वस्तु दोरी बांधून ओढते, तों सायकल बाहेर येते आणि तिच्यामागून कचऱ्याचा लोंढा येतो. तो घाणीचा देव नसून एका नदीचा देव असतो. मियाझाकी यांनीं स्वतः एका नदीच्या सफाईंत भाग घेतला होता आणि तिच्यांतून सायकल ओढून काढलेली पाहिली होती. दुसरा पाहुणा म्हणजे मुखवट्याचा, मुका कावोनाशी. तो मुठी भरभरून सोनें वाटतो आणि सारे नोकर त्याच्या पायांशीं लोळण घेतात. सेन मात्र तें सोनें घेत नाहीं; तिला हवें असलेलें त्याच्यापाशीं नाहीं. पुढें त्या सोन्याची मातीच होते. हाकू कोण हेंहि शेवटीं उलगडतें: तो एका ओढ्यावजा नदीचा देव आहे, आणि ती नदी बुजवून तिच्यावर माणसांनीं घरें उठविलीं आहेत. म्हणजे या वास्तूंत आश्रयास आलेल्यांपैकीं कांहींना आपण मनुष्यांनींच मळविलें आहे आणि बेघर केलें आहे. भुतानें माणसाला घाबरवावें ही रीत येथें उलटली आहे, आणि ही लाज शिकवणुकीचा एकहि शब्द न उच्चारतां प्रेक्षकाच्या पदरीं पडते.

या कृतींत दोष नाहींत असें नाहीं. शेवटीं युबाबा डुकरांच्या कळपांतून आईबाप ओळखावयास सांगते, आणि यांत ते नाहींतच, असें मुलगी सांगते. हें तिला कसें कळलें याचा उलगडा होत नाहीं. नियमांनीं बांधलेल्या कथेंत ही सूट थोडी खटकते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चिहिरो सुटते, हाकूहि सुटेल. पण स्नानगृह दुसऱ्या दिवशीं जसेंच्या तसें उघडेल. चिहिरोला प्रथम हाताशीं धरणारी दासी लिन, आपण कधींतरी ही नोकरी सोडून पाण्यावरून धांवणाऱ्या गाडीनें दूरच्या शहरीं जाऊं असें म्हणत असते. ती तेथेंच राहते. दिग्दर्शकानें तिलाहि त्या गाडींत बसविलें असतें तर आमचें मन हलकें झालें असतें. परंतु विचार करतां वाटतें कीं, तसें करणें खोटें झालें असतें. एका मुलीच्या धैर्यानें तिचें स्वतःचें नांव परत मिळतें; तेवढ्यानें साऱ्या जगाचा व्यवहार पालटत नाहीं. लिनसाठीं मनांत राहणारी हुरहुर हाच या चित्रपटाचा खरा शेवट होय.

२००२ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत या चित्रपटास सुवर्ण-अस्वलाचा मान विभागून मिळाला आणि २००३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. तथापि आपल्या स्नेह्यांच्या दहा वर्षांच्या मुलींसाठीं तो रचला, असें मियाझाकी सांगत आले आहेत, तें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. अद्भुतकथा मुलांना व्यवहारापासून दूर नेते अशी तक्रार पुष्कळ पालक करतात. त्यांनीं आपल्या मुलांशेजारीं बसून ही कथा एकदां पाहावी. तीं मुलें काम, लोभ आणि कृतज्ञता यांविषयीं जे प्रश्न विचारतील, त्यांचीं उत्तरें देतांना मोठ्यांनाहि, आपण आपल्या नांवांतील कोणतीं अक्षरें कोणत्या कराराखालीं देऊन बसलों आहों, हें आठवून पाहावें लागेल.