शेजारगांवचे दोन चित्रपट

मुंबई-आग्रा रस्त्यानें नरडाण्याहून धुळ्याच्या पलीकडे गेलें कीं मालेगांव लागतें. तेव्हां त्या गांवावरील हे दोन चित्रपट आम्हीं पाहिले ते जाणकार म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगांव' हा माहितीपट २००८ चा. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगांव' हा कथापट २०२५ सालीं प्रदर्शित झाला. नासिर शेख व त्यांचे मित्र हौसेनें चित्रपट काढतात, हाच दोहोंचा विषय.

नव्या चित्रपटांत अभिनय उत्तम आहे. विशेषतः विनीतकुमार सिंह यांनीं रंगविलेला लेखक फरोघ. परंतु प्रेक्षकानें कोठें गहिंवरावें हें संगीतच अगोदर सांगून टाकतें. शफीकच्या आजाराचा भाग तर इतका ओला केला आहे कीं, आमच्या डोळ्यांस करावयास कांहीं उरलें नाहीं!

जुन्या माहितीपटांत खरा शफीक दिसतो. यंत्रमागावरील हा कामगार, अंगानें काडी. तो सुपरमॅनचा वेष चढवून येतो. मालमोटारीला हिरवें कापड बांधलेलें, कॅमेरा सायकलीवर. आपण पोट धरून हंसतों. तंबाखूच्या व्यापाऱ्याशीं झुंजणारा हा सुपरमॅन पुढें स्वतःच कर्करोगानें गेला, हें मात्र ठाऊक असतें. त्यामुळें हवेंत तरंगण्याची त्याची धडपड पाहतांना हंसणें मध्येंच थांबतें. तेथें संगीतानें तसें सुचविलेलें नसतें. नवा पाहून ज्यांनीं डोळे पुसले, त्यांनीं जुना मिळवून अवश्य पाहावा.