आदिलाबादचे मुके चित्रपट

क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ 1939 साली महायुद्ध पेटले तेव्हा हिंदुस्थानात होता. पासपोर्ट जर्मन, म्हणून त्याला निजामाच्या राज्यातच राहणे भाग पडले. या सक्तीतून त्याचे मोठे काम उभे राहिले. आधी चेंचू, मग कोंडा रेड्डी, मग आदिलाबादचे राज गोंड. पुढे तो निजाम सरकारचा आदिवासीविषयक सल्लागार आणि उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक झाला, नंतर लंडनला गेला. वही आणि 16 मि.मी. कॅमेरा त्याने आयुष्यभर सोडला नाही. त्याने टिपलेल्या चित्रफितींचा मोठा साठा आज लंडनच्या ‘सोआस’ या विद्यापीठ-संस्थेत आहे.

या फितींचे मोल मुक्कामात आहे. नवरा-बायको आदिलाबादच्या मारलवाई गावात गोंडांसारख्या घरात राहिले, पत्नी बेटी गोंडीत बोलत असे. पाहुण्याला जे दाखवतात, त्यापलीकडचे पाहायला एवढी ओळख लागतेच. पण फिती बहुतेक मुक्या आहेत, आणि ही उणीव मला मोठी वाटते. गोंडांचे पुराण परधान, म्हणजे त्यांचे परंपरागत गायक-कथेकरी, सांगतात. किकरी हे तंतुवाद्य वाजवत, रात्ररात्र गात. हायमेनडॉर्फचा गोंडांवरचा ग्रंथ या कथांवरच उभा आहे, पडद्यावर मात्र त्या नाहीत. ज्या समाजाचे शास्त्र, इतिहास, वंशावळ सगळे गळ्यात आहे, त्याचा चित्रपट आवाजाशिवाय अर्धाच राहतो. 1982 साली बीबीसीने राज गोंडांवर माहितीपट केला तोवर माणसाचे बोलणे जागेवर टिपता येऊ लागले होते, पण मधली चाळीस वर्षे गेली ती गेलीच.

हायमेनडॉर्फ केवळ टिपणारा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 1940 मध्ये जमिनीसाठी लढणारा गोंड नेता कोमरम भीम मारला गेल्यावर गोंडांच्या जमिनीचा प्रश्न त्याने सरकारदरबारी लावून धरला. मारलवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या, कारण त्या भागात मराठीचा वावर होता. आपले सेतुमाधवराव पगडी याच राज्यात अधिकारी होते. तेही गोंडी शिकले, गोंडांवर लिहिते झाले. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणूनच ओळखतो, ही आपली उपेक्षा.

बेटी 1987 साली वारली, तिला मारलवाईत पुरले; पुढे हायमेनडॉर्फच्या अस्थीही तिथेच आल्या. फिती मात्र लंडनलाच. त्यातल्या काही संगणकावर पाहता येतात, पण ते पुरेसे नाही. हैदराबादच्या मासाब टँकला आदिवासी संग्रहालय आहे. तिथे आणि मारलवाईत या फिती लावाव्यात, परधानांना समोर बसवून त्यांचे बोलणे, गाणे त्यांवर नोंदवून घ्यावे. याला उशीर नको. गुसाडी या गोंड नृत्याचे जाणकार कनकराजू याच मारलवाईचे. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. तशी जाणती माणसे अजून थोडी उरली आहेत.