बहमनी कुलकथेचे दोन पाठ : कयानी वारसा आणि गंगू ब्राह्मण

चौलच्या जुन्या अवशेषांपाशी विद्यार्थ्यांना नेले आणि बहमनी सत्तेचा विषय निघाला की, ‘ब्राह्मणाच्या नावावरून बहमनी’ हे उत्तर हमखास येते. १४६९च्या सुमारास रशियन प्रवासी अफनासी निकितीन होर्मुझहून घोडा घेऊन या बंदरात उतरला, तेव्हा चौल बहमनींच्या अमलाखाली होते. या किनाऱ्याच्या स्थानिक इतिहासातही ही व्युत्पत्ती सहजपणे शिरली आहे. ती तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

१३४७ मध्ये दौलताबादेस हसन गादीवर आला व त्याने ‘बहमनशाह’ हे नाव धारण केले. बहमन हा इराणच्या कयानी राजवंशातील इस्फंदियारचा पुत्र, फिर्दौसीच्या ‘शाहनामा’तील राजा. ‘बहमन’ या शब्दाचे मूळ अवेस्तातील ‘वोहु मनह्’, म्हणजे ‘सद्बुद्धी’. ‘ब्राह्मण’ शब्दाशी त्याचे नाते केवळ ध्वनिसाम्याचे. हसनचा समकालीन कवी इसामी याने १३५०च्या सुमारास ‘फुतूह-उस-सलातीन’ हे काव्य शाहनाम्याचा आदर्श समोर ठेवूनच रचले. त्यात गंगूची कथा नाही. दिल्लीच्या तुघलकांपासून फुटून निघालेल्या सरदाराला दिल्लीहून प्राचीन असा वारसा हवा होता. कयानी नाव त्याला तो देत होते. हा वारसा ऐतिहासिक नव्हे, हे उघड आहे.

गंगूची कथा सांगतो तो फरिश्ता, म्हणजे घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. कयानी वंशावळ ही भाटगिरी आहे, असे त्याचे मत. शेत नांगरताना हसनला सुवर्णमुद्रांचे भांडे सापडते, तो ते प्रामाणिकपणे गंगूला नेऊन देतो आणि ज्योतिषी गंगू त्याच्या राज्ययोगाचे भाकीत करून आपले नाव त्याच्या नावाशी जोडण्याचे वचन मागतो. मराठी वाचकाला ही कथा घरची वाटते. आपल्या इतिहासलेखनाने कयानी वंशावळीला हसून बाजूला सारले, गंगूला मात्र जवळ केले, त्यामागे या आपलेपणाचा वाटा मोठा असावा.

परंतु या कथेचा सांगाडा पाहावा. शाहनाम्यात बहमनचा पुत्र सासान राज्यास मुकतो. त्याच्या वंशातील त्याच नावाचा तरुण बाबकाकडे मेंढपाळ म्हणून राहतो. बाबकाला स्वप्ने पडतात, जाणते पुरुष त्यांचा अर्थ लावतात, चाकरातील राजा ओळखला जातो आणि बाबक त्याला आपली कन्या देतो. त्यांचा पुत्र अर्देशीर, सासानी वंशाचा संस्थापक. धनी चाकराचे राजतेज ओळखतो, भविष्य वर्तवले जाते, नाते जुळते : फरिश्त्याच्या कथेचीही घडण हीच. फरिश्ता स्वतः कास्पियन काठच्या अस्तराबादचा. त्याने ती तेथून उचलली, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. असे कथाबंध अन्यत्रही आढळतात. मात्र ‘इराणी कल्पित’ विरुद्ध ‘देशी सत्य’ अशी विभागणी टिकत नाही. एक दंतकथा टाकून आपण तिच्याच कुळातली दुसरी स्वीकारली आहे.

निजामशाहीबाबतही फरिश्ता ब्राह्मण मूळ सांगतो. दंडा-राजपुरीला वेढा घालणाऱ्या मलिक अहमदचा पिता मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मणाचा मुलगा, असे त्याचे म्हणणे. तेथे मात्र पारडे थोडे वेगळे झुकते, कारण पाथरीच्या ताब्यासाठी निजामशाहने वऱ्हाडच्या इमादशाहीशी प्रत्यक्ष युद्ध केले. युद्धाला अन्य कारणेही असू शकतात, तरी येथे दाव्याला कृतीचा काही आधार मिळतो. गंगूच्या वाट्याला असा आधार येत नाही. तेव्हा ‘हसन गंगू’ हे नाव वर्गात सांगताना त्यामागची ब्राह्मणाची कथा फरिश्त्याची आहे, हे सांगितले पाहिजे; हसनने स्वतः निवडलेले नाव बहमनशाह होते.