घाई न करणारा डोळा

पावसाळ्यात नळदुर्गचे नर-मादी धबधबे कोसळू लागले, की आमच्या जिल्ह्यातली तरुण मंडळी मोबाईल घेऊन तिकडे धावतात. छायाचित्रे शेकड्यांनी निघतात. डोळे भरून पाहणे तेवढे राहून जाते. या मंडळींपुढे मला नारायण विनायक विरकरांचे एक जुने छायाचित्र ठेवावेसे वाटते.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत डायरच्या हुकुमावरून सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर विरकर तिथे पोहोचले. वय तिशीच्या उंबरठ्यावरचे. प्रेते उचलली गेली होती, आक्रोश विरला होता. उशिरा आलेल्या कॅमेऱ्याने टिपायचे तरी काय? विरकरांनी भिंत टिपली. गोळ्यांच्या खुणांभोवती काढलेली वर्तुळे आणि त्यांकडे बोट दाखवणारी माणसे, बस्स, एवढेच.

यात रक्त नाही, म्हणून कुणी या चित्राला थंड म्हणेल. मला ते पटत नाही. रक्त दिसले की आपण डोळे मिटतो. वर्तुळे मात्र मोजू लागतो, आणि मोजता मोजता छाती दडपून जाते. दहा मिनिटांत उरकलेले क्रौर्य विरकर आपल्याला सावकाश वाचायला लावतात.

आणि कलावंताचे व्यक्तिमत्त्व? ते इथे कुठेच मिरवत नाही. पण कशापुढे थांबायचे, ही निवड त्यांची आहे. व्यक्तिमत्त्व म्हणतात ते याहून निराळे काय असते!