डावं, पुढचं

उस्तादांनी जमिनीवर पोतं अंथरलं, त्यावर ते बसले आणि टायर मांडीवर घेतलं. लिफ्टवर चढवलेल्या गाडीकडे त्यांनी अजून नीट पाहिलंही नव्हतं.

"हे कुठलं?"

"डावं, पुढचं, काका."

"अदलाबदल नाही ना केली?"

"नाही. कोइमतूरहून जसंच्या तसं आणलंय," गाडी घेऊन आलेला पोरगा म्हणाला.

मग त्यांची मान हलली. कुठल्या बाजूचं ते ठाऊक नसेल, तर टायर उस्तादांना मुकं वाटतं.

गाडी म्हणजे १.८ लिटर टर्बोची जुनी ऑक्टाव्हिया आरएस. स्कोडाने २००१ मध्ये शेंद्र्याला गाड्या जुळवायला सुरुवात केली ती ऑक्टाव्हियापासूनच, तेव्हा संभाजीनगर म्हणजे हिचं माहेर. आता मागची सीट काढलेली आहे, स्प्रिंगा कडक घातल्या आहेत आणि हजारावर किलोमीटर जाऊन ती कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर धावून येते. तक्रार एवढीच की सरळ चालताना सुतासारखी जाते, पण वळणाआधी जोरात ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. अलाइनमेंट मशीनवर दोनदा झालेलं. दोन्ही वेळा सगळे आकडे हिरवे.

उस्तादांनी आधी तळहात टायरच्या आतल्या कडेकडून बाहेर फिरवला. मग बाहेरून आत. नंतर माझा हात धरून तेच माझ्याकडून करवून घेतलं. आतून बाहेर जाताना रबर गुळगुळीत लागलं. उलट येताना मात्र प्रत्येक पट्टीची बाहेरची कड बोटांना करवतीसारखी अडली. डोळ्यांना यातलं काही दिसत नव्हतं. चाकाचं तोंड बाहेर असलं, म्हणजे टो-आउट असला, तर पुढे जाताना रबर आडवंही घासतं आणि धार बाहेरच्या कडेला उभी राहते. टो-इनमध्ये ती आतल्या कडेला येते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तळव्याला कळलं त्या दिवशी.

बाहेरचा खांदाही गोल झाला होता. उस्तादांनी त्यावर अंगठा ठेवला आणि सोडून दिला. वळणात गाडी कलते, मॅकफर्सन स्ट्रटची चाकंही तिच्याबरोबर बाहेर कलतात, म्हणून ट्रॅकच्या गाडीला कॅम्बर आत थोडा जास्त द्यावा लागतो. ते काम नंतरचं. खळगे आहेत का, हे त्यांनी पूर्ण फेरी फिरवून तपासलं. नव्हते, म्हणजे शॉकर निर्दोष. बजाजच्या आणि एन्ड्युरन्सच्या वाळूजला ज्यांच्या उमेदीची वर्षं गेली, त्यांच्या तोंडचा तो निकाल मी मुकाट्याने मान्य केला.

मग दोरी. चार स्टँड, गाडीच्या दोन्ही अंगांना चाकाच्या मध्याच्या उंचीवर ताणलेली दोन समांतर सुतं, आणि स्टीलची पट्टी. रिमची पुढची कड दोरीपासून किती, मागची किती, दोन्हींतला फरक म्हणजे टो. १६ इंची रिमला १ मिलिमीटर म्हणजे अंशाचा जेमतेम सातवा भाग. उस्ताद पट्टी टेकवतात तेव्हा श्वास रोखतात, दोरीला पट्टीचा स्पर्श होऊ देत नाहीत. मागची चाकं आधी मोजली. या गाडीत मागचा एक्सल एका आडव्या तुळईसारखा आहे, टो फिरवायला तिथे नट नाही. ती तुळईच तिरकी बसली असती तर पुढे कितीही जुळवून उपयोग नव्हता. ती सरळ निघाली. आणि पुढचा टो? मशीनने सांगितला होता तोच.

या ठिकाणी मला त्यांच्या वाचनाची खरी उंची कळली. दोरी आणि मशीन एक सांगतात, टायर दुसरंच सांगतं, आणि उस्तादांना यात विसंगती दिसतच नव्हती. दोरीने आणि मशीनने उभी गाडी पाहिली होती. ब्रेक लागला, सगळा भार पुढे आला, त्या क्षणी तिथे टायर एकटंच हजर होतं. "आता पहार दे," ते पोराला म्हणाले.

लोअर आर्मच्या मागच्या बुशाजवळ पहार टेकवून त्यांनी हलकंच रेटलं. करंगळीच्या नखाएवढा आर्म सरकला आणि सावकाश, अगदी नाखुशीने, जागेवर आला. उजवीकडचा हललाही नाही. ट्रॅकवरचे इतके ब्रेक खाऊन रबर इतकी वर्षं टिकलं, हेच खूप, असं उस्ताद त्या बुशावर हात ठेवून म्हणाले. ब्रेकच्या रेट्याने डावं चाक मागे जात होतं, मागे जाताना तोंड बाहेर फिरवत होतं आणि गाडीला आपल्याकडे नेत होतं. ब्रेक सुटला की पुन्हा सरळ.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले, बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून, तिच्या वजनाखाली आवळले. चाक लोंबकळत असताना आवळले तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. पुन्हा दोरी लावली. आकडे जवळजवळ आधीचेच आले. पोराचा चेहरा उतरला, उस्तादांचा खुलला.

संध्याकाळी बंद पडलेल्या एका शेडच्या सपाट काँक्रीटवर पोराने गाडी पळवली, कारण रस्त्याला डावीकडे उतार असतो आणि तो स्वतःच गाडी ओढतो. तीनदा कच्चकन ब्रेक मारला. रबराचे काळे पट्टे तिन्ही वेळा सरळ उमटले. उस्ताद त्यांच्याजवळ उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. मग खिशातून खडू काढून त्यांनी नव्या टायरच्या अंगावर आतल्या बाजूने लिहिलं: डावं, पुढचं. खाली तारीख टाकली.