उष्णता मोजली, ओल राहून गेली

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको-निवास संहिते'चा पहिला भाग प्रसिद्ध केला. राहत्या घरांच्या भिंती, खिडक्या व छप्पर यांतून आत येणाऱ्या उष्णतेला त्यात मर्यादा घातली आहे. नागपूर संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात येते. तेथे भिंती व खिडक्या मिळून दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये, असा हा नियम आहे.

'भिंत जाड असली की घर थंड' या समजुतीला संहितेने आकड्याची जोड दिली, हा तिचा मोठा गुण. आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, गिलाव्यासह नऊ इंची विटांच्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून सुमारे २ वॅट उष्णता जाते. सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून ती साडेतीनच्या आसपास जाते, तर आठ इंची एएसी ब्लॉकच्या भिंतीतून एकाहूनही कमी. ब्लॉकच्या छिद्रांत कोंडलेल्या हवेची ही किमया.

परंतु हे आकडे कोरड्या भिंतीचे आहेत. पाण्याची ऊष्मावाहकता स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक आहे. छिद्रांत हवेऐवजी पाणी शिरले, की ब्लॉकचा गुण ओसरतो. संहितेच्या या भागात ओलीचा हिशेब नाही.

मनीषनगरातल्या एखाद्या घराचे वर्ष पाहू. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी आणि कूलरमुळे घरातली दमट. बाष्पाचा ओढा आतून बाहेर असतो. जुलैत पाऊस गिलाव्याच्या भेगांतून भिंतीत उतरतो, जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढते. अशा भिंतीवर बाहेरून बाष्प अडवणारा जलरोधक रंग असेल, तर तिला वाळायला आतलीच बाजू उरते. आत पोपडे धरतात, लोणा लागतो. म्हणजे भिंतीला पाणी अडवता तर आलेच पाहिजे, पण वाळताही आले पाहिजे. साहित्य निवडताना ही दुसरी कसोटी हवी.

आणखी एक उणीव व्याप्तीची. २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. लहान प्लॉटवर कर्ज काढून बांधलेले घर तिच्या कक्षेबाहेर राहते. तेथे साहित्य ठरते ते भाव आणि गवंड्याचा सल्ला यांवर.

आपल्या पाठ्यपुस्तकांतही उष्णतेचे वहन धातूच्या सळीवर संपते आणि केशाकर्षण काचेच्या नळीत. दोन्ही एकाच भिंतीत भेटतात, हे वर्गात सहज दाखवता येईल. भाजलेली वीट, फ्लायॲश वीट व एएसी ब्लॉक यांचे सारख्या मापाचे तुकडे वाळवून तोला, बोटभर पाण्यात उभे करा आणि दर तासाला पुन्हा तोला. मग ते बाहेर काढून किती दिवसांत वाळतात तेही नोंदवा. प्रत्येकाचा एक जोडतुकडा एका बाजूने तैलरंग लावून ठेवल्यास फरक ठळक दिसेल. पुढे घर बांधताना 'हे वाळेल कसे?' असा प्रश्न गवंड्याला विचारणारा विद्यार्थी घडला, तर संहितेची ही उणीव काही अंशी भरून निघेल.